एकट्यानं घातलेलं गाऱ्हाणं

“होय म्हाराजा,” असं मी म्हणाले आणि अख्ख्या हॉलमधल्या माना माझ्याकडे वळल्या.

वळणारच. त्या हॉलमध्ये बोलायची पद्धतच नव्हती. कानांवर हेडफोन चढवायचे, ऐकू येईल ते समोरच्या संगणकावर टाइप करायचं आणि संध्याकाळी मुकाट घरी जायचं, एवढंच आमचं काम. तिथं भाषाशास्त्रात एम.ए. झालेली एक बाई देवळात उभी असल्यासारखी खणखणीत हुंकार देते म्हटल्यावर लोक हसतील नाहीतर घाबरतील. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

मला स्वतःलाही कळायला क्षणभर वेळ लागला. आमच्या कोकणात कुठलंही शुभकार्य असो, घरचा मोठा माणूस नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतो. ‘बा देवा म्हाराजा’ असं म्हणून घरातलं सगळं बरंवाईट त्याच्या कानावर घालायचं. प्रत्येक वाक्यापाशी तो थांबतो आणि बाकीच्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं असतं. लहानपणापासून हे इतकं अंगात मुरलेलं असतं, की तो थांबला की आपलं तोंड आपोआप उघडतं. माझ्या कानातला माणूस थांबला होता. त्याला कोणी होय म्हणत नव्हतं. म्हणून मी म्हणाले.

आणि मग तो आवाज कोणाचा ते माझ्या लक्षात आलं. माझ्या वडिलांचा, आबांचा होता.

ही गोष्ट जुनी झाली. तेव्हा मी पुण्यात एका सरकारी प्रकल्पात नोकरीला होते. जनबोली प्रकल्प त्याचं नाव. महाराष्ट्रातल्या सगळ्या बोली संगणकाला शिकवायच्या, म्हणजे उद्या खेड्यातली म्हातारी आपल्या भाषेत बोलली तरी सरकारला तिचं म्हणणं समजेल, असं आम्हाला नेमणुकीच्या वेळी सांगितलं होतं. मला ऐकून भरून आलं होतं, हे कबूल करायला हरकत नाही. लोकांनी राजीखुशीनं फोनवरून आपले आवाज दिले आहेत, सगळ्यांच्या संमत्या घेतल्या आहेत, असंही सांगितलं होतं. मी मालवणी ऐकायची. माझ्या शेजारी कमलिनी बोरसे मॅडम अहिराणी ऐकायच्या. धुळ्याच्या कॉलेजातून निवृत्त होऊन आलेल्या, उंच, सावळ्या, आणि जिभेला जरा धार असलेल्या.

पहिले काही महिने मजेत गेले. कोण भाव ठरवतंय, कोण सुनेच्या नावानं बोटं मोडतंय, कोण जावयाला जेवायला बोलावतंय. पुढे पुढे मात्र मला त्या आवाजांत काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. कोणीच ‘हॅलो’ म्हणत नव्हतं. आपण बोली टिकवायला बोलतोय याची जाणीव एकाच्याही आवाजात नव्हती. एक बाई नुसती रडायची, मध्येच उठून कुकरची शिट्टी मोजायची आणि पुन्हा रडायला बसायची. एक म्हातारा झोपेत बायकोला हाका मारायचा. ते सगळं मी इमानदारीनं टाइप करत होते. रडणं असेल तिथं कंसात ‘रडणे’ लिहायचं असा नियम होता.

एकदा चहाच्या वेळी बोरसे मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “आज एक बाई म्हशीशी बोलत होती. कमरेच्या दुखण्यापासून नवऱ्याच्या बाहेरच्या भानगडीपर्यंत सगळं. मला सांग वृंदा, म्हशीशी बोलायला कोण फोन लावतं?”

मी हसले. त्या हसल्या नाहीत, आणि चहा तसाच कुंडीत ओतून आत गेल्या.

तर त्या दिवशी माझ्या कानात आबा होते. सगळे पुन्हा आपापल्या कामाला लागल्यावर मी ते ध्वनिमुद्रण पहिल्यापासून लावलं. समईत तेल ओतल्याचा आवाज, मग आबांचं खाकरणं. आमचा देव्हारा माजघरात आहे. तिथं उभं राहून त्यांनी घातलेली गाऱ्हाणी मी जन्मभर ऐकलेली, पण तेव्हा आम्ही सगळे मागे असायचो. हे एकट्यानं घातलेलं होतं. फोन त्यांच्या कोपरीच्या खिशात असणार, कारण प्रत्येक वाक्यामागे त्यांचा श्वास ऐकू येत होता.

“बा देवा म्हाराजा. घरात आज कोण नाय, म्हणान बोलतंय. खाणीच्या येळार पोलिसांका नावां दिली ती मिया दिली. आळ इलो शशीवर. गावान तेका वाळीत टाकल्यान आणि मिया तोंड उघडूक नाय. तो त्या दुःखान गेलो. तेच्या घराकडे बघूचा माका धाडस होना नाय. माका काय शिक्षा करूची ती कर, पण लिलूक सुखान ठेव रे म्हाराजा.”

आणि मग ती थांबायची जागा, जिथं मी होय म्हटलं होतं.

शशी मेस्त्री आमचे शेजारी. आमच्या डोंगरावर खाण सुरू झाली तेव्हा गावातल्या पोरांनी ट्रक अडवले, काचा फोडल्या. पोलिसांनी सात-आठ जणांना घरातून उचलून नेलं, नेमकी तीच पोरं. गावात कोणीतरी नावं फोडली होती. शशीकाका कामासाठी सारखे तालुक्याला जायचे, तेव्हा तेच असणार असं ठरलं. त्यानंतर त्यांच्या घरी कोणी गणपतीला गेलं नाही, त्यांना कोणी लग्नाला बोलावलं नाही. दोन पावसाळ्यांत माणूस सुकून गेला आणि त्यांची बायको लिलूकाकी आमच्या दगडी गडग्यापलीकडच्या घरात एकटी उरली. मी शाळेत होते तेव्हा. आईनं मला त्यांच्या अंगणातून जायची बंदी केली होती आणि मीही वळसा घालून जायची. त्या सगळ्या वर्षांत आबा पडवीत सुपारी कातरत बसलेले असायचे.

मला बापाचा राग आला, कीव आली, आणि त्याहून जास्त लाज वाटली ती चोरून ऐकल्याची. हे मला कळायला नको होतं. हे देवाला सांगितलेलं होतं.

तेवढ्यात उपाध्ये साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. प्रकल्पाचे प्रमुख. अतिशय सभ्य माणूस, आवाज कधी चढायचा नाही, कपड्यांना नेहमी कापराचा वास. त्यांनी विचारलं की आवाज ओळखीचा आहे का. मी सांगितलं की आमच्याकडे गाऱ्हाण्याला उत्तर द्यायची सवयच असते, कोकणातलं कुणीही दिलं असतं. ते म्हणाले, वा, छान परंपरा आहे. आणि जाताना त्यांनी माझ्या पडद्याकडे असं बघितलं, की मी नकळत त्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी बोरसे मॅडमनी मला ऑफिसजवळच्या रसवंतीत नेलं. फोन आम्ही दोघींनी खणात ठेवून आलो होतो, त्यांच्या सांगण्यावरून. चरकाला बांधलेले घुंगरू जोरात वाजत होते आणि त्या आवाजाच्या आडोशानं त्या बोलल्या. सरकारी योजनांचं जे ॲप तालुक्यातालुक्याला शिबिरं भरवून लोकांच्या फोनमध्ये घातलं होतं, ते बंद फोनमधूनही ऐकत होतं. बोली वगैरे निमित्त. माणसं घरात काय बोलतात ते यंत्राला वाचता यावं म्हणून आम्ही त्याला भाषा शिकवत होतो. त्यांनी बरेच दिवस खपून पुरावे जमवले होते, वकील गाठला होता आणि अर्जाचा मसुदा तयार होता.

“पण ते म्हणतील, सगळ्यांनी संमती दिलीय,” त्या म्हणाल्या. “संमतीचे ढीग आणून ठेवतील कोर्टापुढे. मला एक माणूस हवाय जो उभा राहून म्हणेल, हा आवाज माझा, हे मी कुणालाही दिलेलं नाही. काल तू हुंकार दिलास तेव्हाच मी ओळखलं, तुझ्या घरचं कुणीतरी आहे.”

“आबा आहेत,” मी म्हणाले.

“काय बोलतात त्यात? मला मालवणी कळत नाही.”

मी ग्लासातला बर्फ हलवत बसले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. फक्त एवढंच म्हणाल्या, की अर्ज त्या एकट्यासुद्धा करणार आहेत, पण एकट्यानं केला तर नोकरीतल्या रागापायी खोटे आरोप केले म्हणून त्यांनाच आत टाकतील. हे त्यांनी रसाचा ग्लास पुसता पुसता सांगितलं, आणि मला त्यांच्या धीराचा हेवा वाटला.

म्हणजे माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. ते गाऱ्हाणं कोर्टात वाजलं, तर पेपरात छापून येणार आणि आबांना गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. नाही वाजलं, तर बोरसे मॅडम तुरुंगात जाणार आणि ते यंत्र राज्यभरातल्या घराघरांत कान देऊन बसणार. संध्याकाळी खोलीवर भांडी घासताना, फोन ओट्यावर आहे हे विसरून, मी सवयीनं स्वतःशीच बडबडत होते. एकटं राहणाऱ्या माणसाला ही खोड लागतेच.

दुसऱ्या दिवशी माझ्या यादीतलं पहिलंच ध्वनिमुद्रण लावलं. नळाचं पाणी, भांड्यांचा आवाज, मग एका बाईचं पुटपुटणं.

“शनिवारी गावाक जातंय. आबांका इचारल्याशिवाय मी हो म्हणाचंय नाय. ता गाऱ्हाणा तेंचा आसा.”

 मी माझ्याच बोलण्याचा शब्द न् शब्द टाइप केला. दुसरं काय करणार होते. पाण्याच्या आवाजापाशी नियमाप्रमाणे कंस केला. तो पुरा करत होते तेव्हा उपाध्ये साहेब बाजूनं गेले आणि हळूच म्हणाले, “शनिवारच्या रजेचा अर्ज टाका बरं का. राहून जातं.”

गावाला पोचले तेव्हा आबा मला बघून इतके खूश झाले, की मला त्यांच्याकडे बघवेना. दोघांचे फोन मी तांदळाच्या डब्यात घातले. आईनं विचारलं, हे काय नवीन खूळ. काहीतरी थाप मारून मी आबांना खाडीच्या बाजूला फिरायला घेऊन गेले. उन्हं कलली होती. भरतीचं पाणी कुंपणापर्यंत आलं होतं आणि आसपास चिटपाखरू नव्हतं. तरी मी दोनदा मागे वळून बघितलं.

मी सगळं सांगितलं. प्रकल्प, ॲप, बोरसे मॅडम. शेवटी ते गाऱ्हाणं. आबा चालायचे थांबले.

“सगळा ऐकलंस?”

“ऐकलंय.”

“आणि कोणी कोणी ऐकला?”

“ठावूक नाय, आबा. मशीन आसा. मशीनच्या पाठी माणसा आसत.”

 माझे आबा गावच्या शाळेचे हेडमास्तर होते, गावात तंटा झाला तर लोक त्यांच्याकडे येत. तो माणूस माझ्यासमोर लहान होत चालला होता आणि मला काही करता येत नव्हतं.

“देवाक सांगलेला पण देवाकडे ऱ्हवाक नाय तर,” ते म्हणाले.

मग त्यांनी मला सांगितलं ते असं. खाणीच्या वेळी पोलिसांचा साहेब आमच्या पडवीत येऊन बसला होता. चहा प्याला, शाळेची चौकशी केली, दमदाटी अजिबात केली नाही. म्हणाला, गुरुजी, तुम्ही गावातले शहाणे, पोरांचं भलं तुम्हीच जाणता, नुसती नावं सांगा, समज देऊन सोडतो. आणि आबांनी सांगितली. शाळेत हजेरी घेतल्यासारखी एकामागून एक सांगितली. पोरांना कसं मारलं ते नंतर कळलं. तोवर शशीचं नाव गावभर झालं होतं आणि गप्प राहणं इतकं सोपं होतं, की ते कधी सुरू झालं ते त्यांनाही कळलं नाही.

“कोर्टात वाजवतले?” त्यांनी विचारलं.

“होय. पण तुमी नको म्हटलास तर नाय. मी तेंका तसा सांगान.”

“ती बाई तुरुंगात जातली?”

“जाईत.”

आबांनी धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले आणि घराकडे वळले. वाटेत एवढंच म्हणाले, की सकाळी लिलूकडे जायचं. कोर्टात वाजण्याआधी तिला त्यांच्या तोंडून कळलं पाहिजे. मला तेव्हा माझ्या बापाचा अभिमान वाटला, आणि राग कमी झाला नाही. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

पुढचं सगळं पेपरात आलं. आबा कोर्टात उभे राहिले, गाऱ्हाणं वाजलं. दुसऱ्या दिवशी गावात कळलं आणि आमच्या घरी येणारी पावलं थांबली, ती आबा गेले तेव्हाच परत आली. बोरसे मॅडमना तरी काही महिने कोठडीत काढावे लागले, पेन्शन अजून अडकलेली आहे. प्रकल्प बंद झाल्याची घोषणा झाली. आता तशाच कामाचं एक वेगळ्या नावाचं ऑफिस निघालंय असं ऐकते. ज्या हॉलमध्ये आम्ही बसायचो तिथल्या खिडक्यांना आता काळ्या काचा आहेत. मी त्या रस्त्यानं जात नाही.

पेपरात आलं नाही ते फक्त त्या सकाळचं.

लिलूकाकी अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. मी कितीतरी वर्षांनी त्या अंगणात पाय ठेवत होते. आबा पायऱ्यांपाशी थांबले, टोपी काढली, आणि जे देवाला सांगितलं होतं ते तिला सांगायला लागले. पहिलं वाक्य कसंबसं पुरं झालं. दुसऱ्यापाशी ते थांबले.

काकीनं वर बघितलं नाही. सोलं एकेक करून सुपात पसरत राहिली.

“माका ठावूक आसा, भावजीनू,” ती म्हणाली. “काल दोगे जण इल्ले, मोटार घेवन. तेंनी फोनार ऐकवल्यानी.”

 काल म्हणजे मी गाडीत असताना. भांडी घासताना मी पुटपुटले होते आणि त्यावरून दोन माणसं मोटार घेऊन माझ्याआधी माझ्या गावात येऊन गेली होती. मी तिला विचारलं, काय हवं होतं त्यांना.

त्यांना फारसं काही नको होतं. तुमच्या नवऱ्याचं वाटोळं केलं तो माणूस हाच, असं त्यांनी तिला सांगितलं. फक्त हा आवाज कुणाचा ते म्हणा आणि तक्रारीवर अंगठा द्या, बाकी आम्ही बघतो. दुपारपर्यंत त्याला घेऊन जाऊ, कोर्टाची पायरी तो चढणार नाही. अतिशय गोड बोलत होते म्हणे. तिच्या हातचं कोकम सरबत घेतलं, पावसाळ्यात घर गळतं का म्हणून विचारलं.

 आबांनी खांबाला धरलं.

“मगे तू काय सांगलंस, लिलू?”

तिनं सूप खाली ठेवलं. चाळीस वर्षं गडग्यापलीकडून रोज ऐकलेला तो आवाज. गाईला हाक मारणारा, पोरांना पाढे म्हणायला लावणारा, तिच्या नवऱ्याच्या प्रेतामागे सगळ्यांत शेवटी चालताना एक शब्दही न बोललेला. ती त्या माणसाकडे पहिल्यांदाच सरळ बघत होती, आणि तिच्या नजरेत माया अजिबात नव्हती.

“माफ केलंय असा समजा नकात. ता माझ्याच्यान व्हवचा नाय,” ती म्हणाली. “पण तेंका मी म्हटलंय, हो आवाज मी कदी ऐकूक नाय. मी तेंका तुमचा नाव सांगूक नाय.”